सेगवेवर उभे राहून फुटपाथची कड चढता-उतरता येते का?

आपल्या वडिलांनी गुडघ्याच्या संधिवातामुळे जुना सेगवे आय-2, म्हणजे शेजारी-शेजारी दोन चाके असलेले, उभ्याने चालवायचे आणि स्वतःच तोल सांभाळणारे विजेवरचे यंत्र, घेतला आहे, घरापासून ग्रंथालयापर्यंतच्या वाटेत काही ठिकाणी फुटपाथची कड आडवी येते आणि दर वेळी खाली उतरण्याचा त्यांना कंटाळा येतो. तेव्हा यंत्रावर उभे राहूनच ती कड चढता-उतरता येईल का, आणि येत असेल तर कशी, असे आपण विचारले आहे. मी न्यू जर्सीत राहतो, याच दुखण्यामुळे हेच यंत्र वापरतो आणि माझे शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. दोनेक सेंटिमीटरचा उंचवटा उभ्याने पार करता येतो. पूर्ण उंचीची कड चढण्याचा प्रयत्न वडिलांनी करू नये, आणि तिच्यावरून उभ्याने खाली उतरण्याचा तर मुळीच करू नये. चढताना यंत्र अडते आणि माणूस शहाणा होतो. उतरताना मात्र ते एखाद-दुसऱ्या वेळी सुखरूप उतरते आणि माणसाचा विश्वास बसतो. म्हणून मला उतरणे अधिक घातक वाटते.

या यंत्राचा तोल तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारखा आहे: काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला हात सरकवला, तरच ती उभी राहते. आपण पुढे झुकलो की चाके पुढे धावून आपल्या खाली येतात आणि आपण पडत नाही. यंत्रातील जायरोस्कोप आणि कल मोजणारे संवेदक आपली स्थिती सेकंदाला शंभर वेळा तपासतात, दोन्ही चाकांच्या स्वतंत्र मोटारींना त्यानुसार आज्ञा मिळते, आणि हे सारे इतके सहज घडते की आपल्याला तोल सांभाळला जात असल्याची जाणीवही राहत नाही. परंतु या साऱ्याचा पाया एकच आहे, तो म्हणजे चाकांना जमिनीवर पुढे-मागे सरकण्याची मोकळीक. कड नेमकी तीच मोकळीक काढून घेते. चाक कडेला टेकले की ते थांबते, आपले शरीर मात्र पुढेच जात राहते, आणि ज्या हालचालीने आपण सावरले जाणार होतो ती हालचाल होऊच शकत नाही. परिणामी माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

मोटारींत जोर कमी आहे म्हणून असे होते, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. आय-2 च्या चाकाचा व्यास सुमारे 48 सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या 24 सेंटिमीटर आहे. थांबलेल्या स्थितीतून कड चढायची तर यंत्र आणि माणूस यांचा एकत्रित गुरुत्वमध्य चाक जिथे कडेला टेकले आहे त्या बिंदूच्या वर यावा लागतो. साध्या भूमितीने हिशेब केला, तर 2 सेंटिमीटरच्या उंचवट्यासाठी तो आसाच्या पुढे सुमारे साडेनऊ सेंटिमीटर, 5 सेंटिमीटरसाठी साडेचौदा, आणि अमेरिकेतील नेहमीच्या सहा इंची, म्हणजे 15 सेंटिमीटर उंचीच्या कडेसाठी 22 सेंटिमीटरहून थोडा अधिक न्यावा लागतो. पाय उभे राहण्याच्या पाटावर जागच्या जागी असताना शरीराचे वजन वीतभर पुढे झोकून द्यायचे आणि पुढच्या क्षणी चाक कडेवर चढताच ते तितक्याच चपळाईने मागे घ्यायचे, ही कसरत झाली. ती जमली नाही तर चढून गेलेले यंत्र त्या झुकावाला प्रतिसाद म्हणून फुटपाथवर एकदम वेगाने सुटते. शिवाय सायकलीचे पुढचे चाक आधी आणि मागचे नंतर चढवता येते. येथे दोन्ही चाके एकाच आसावर असल्याने तीही सोय नाही.

याच यंत्राचे जनक डीन केमन यांनी सेगवेच्या आधी आयबॉट नावाची चाकाची खुर्ची विकसित केली होती, आणि ती खरोखर कड आणि जिनेही चढत असे. तिच्या दोन्ही बाजूंना चाकांची एकेक जोडी होती व त्या जोडीतील चाके एकमेकांवरून फिरू शकत. डिसेंबर 2001 मध्ये जगापुढे आलेल्या सेगवेने त्या खुर्चीकडून तोल सांभाळण्याची विद्या घेतली, परंतु फिरणाऱ्या जोड्या घेतल्या नाहीत. कड चढण्याचे सामर्थ्य त्या जोड्यांत होते.

आता उतरण्याविषयी. वेगात असताना यंत्र 15 सेंटिमीटर उंच कडेवरून सुटले, तर जमिनीवर पोहोचायला त्याला सेकंदाचा सुमारे सहावा भाग लागतो. तेवढ्या वेळात नियंत्रक सतरा-अठरा वेळा आपला कल तपासतो आणि मोटारींना आज्ञाही देतो, परंतु चाकाखाली जमीनच नसल्याने ती आज्ञा केवळ चाक हवेत फिरवते. मग वेगळ्याच गतीने फिरणारे चाक रस्त्याला टेकते आणि यंत्र पुढे किंवा मागे हिसका देते. तो हिसका कोणत्या दिशेने बसेल हे उतरण्यापूर्वी सांगता येत नाही.

हळूहळू उतरावे म्हटले, तर दुसरी अडचण येते: चाके कडेवरून घरंगळत असताना वजन हळूहळू मागे न्यावे लागते, चाके रस्त्याला लागेपर्यंत ते आसाच्या वीतभर मागे गेलेले असते, आणि टेकताच यंत्र त्या झुकावाला मागे जाण्याची सूचना समजून कडेवर उलटे आदळते. शिवाय पाट रस्त्यापासून काही इंचच वर असल्याने त्याची मागची बाजू कडेवर घासते किंवा अडकते. तरुण आणि सरावलेले लोक हे प्रकार करून दाखवतात हे मला ठाऊक आहे. दुखऱ्या गुडघ्यांना मात्र तो हिसका झेलता येत नाही, कारण तो झेलण्याचे सारे काम गुडघ्यांनीच करायचे असते.

एकच चाक अडले तर काय होते, हे जगाने पाहिले आहे. ऑगस्ट 2015 मध्ये बीजिंगच्या जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत उसेन बोल्ट 200 मीटरची शर्यत जिंकून प्रेक्षकांना अभिवादन करीत चालला होता. त्याच्या मागून सेगवेवर येणाऱ्या कॅमेरामनच्या यंत्राचे चाक कॅमेऱ्याच्या रुळाच्या कडेला लागले, यंत्र कलले आणि तो यंत्रासकट बोल्टच्या पायांवर कोसळला. सुदैवाने कोणालाही गंभीर इजा झाली नाही. तेथे उंची फारशी नव्हती. चाक तिरके लागले एवढेच पुरेसे ठरले. म्हणून लहानसा उंचवटासुद्धा नेहमी काटकोनातच घ्यावा, दोन्ही चाके एकाच वेळी टेकली पाहिजेत. वेग चालण्याइतका असावा, गुडघे किंचित वाकलेले असावेत आणि हँडलवर शरीराचा भार टाकू नये. झाडांच्या मुळांनी उचललेल्या फरशा बहुधा तिरक्या उचललेल्या असतात, आणि माझ्या मते आपल्याकडच्या जुन्या वस्त्यांमध्ये कडेपेक्षा त्यांचाच धोका जास्त आहे.

रॅम्प नसलेली कड आलीच, तर योग्य रीत अशी आहे. कडेपासून हातभर अलीकडे पूर्ण थांबावे, एक पाय आणि मग दुसरा असे मागच्या बाजूने खाली उतरावे, आणि या सर्व वेळात हँडल सोडू नये, कारण सोडलेले यंत्र आडवे पडू शकते किंवा स्वतःहून सरकू शकते. पाटावर माणूस नाही हे संवेदकांना कळले की हँडल झुकवल्यावर मोटारी चाके हळूहळू फिरवून ओढण्यास मदत करतात. आधी आपण फुटपाथवर चढावे, यंत्राकडे तोंड करावे, दोन्ही चाके कडेला नीट टेकवावीत आणि हँडल दोन्ही हातांनी सावकाश स्वतःकडे झुकवावे. यंत्राचे वजन जवळपास 48 किलो आहे, तरी मोटारींची साथ आणि हँडलची लांबी यांमुळे हातांना त्याहून पुष्कळ कमी जोर लावावा लागतो. वडिलांच्या मनगटांतही संधिवात असेल, तर हे काम सोबतच्या माणसाने करावे. खाली उतरवताना आपण वर, फुटपाथवरच राहावे, हँडल मागे धरून ठेवावे आणि दोन्ही चाके एकदम खाली जाऊ द्यावीत. पहिले काही दिवस कासवाच्या चिन्हाची नवशिक्यांची रचना चालू ठेवावी. तीत वेग ताशी 10 किलोमीटरच्या आसपासच राहतो.

यंत्राची काळजी घेण्याचे आणखी एक कारण आहे. कंपनीने जुलै 2020 मध्ये या यंत्राचे उत्पादन बंद केले. टायरमधील दाब जेमतेम 15 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असल्याने कडेचा धक्का थेट रिमपर्यंत पोहोचतो, आणि रिम किंवा गिअरबॉक्स बिघडला तर सुटा भाग मिळवण्यासाठी शोधाशोध करावी लागते.

माझा आग्रह असा की, वडिलांना यंत्रावरून नेण्यापूर्वी आपण ती वाट एकदा पायी चालून पाहावी. अनेकदा पुढच्या कोपऱ्यावर रॅम्प असतो आणि थोडा वळसा घेतला की कड टाळता येते. अपंगांविषयीच्या अमेरिकी कायद्यानुसार अशा रॅम्पचा चढ बाराला एक याहून तीव्र नसावा लागतो, म्हणजे 15 सेंटिमीटर चढण्यासाठी 180 सेंटिमीटर लांबी. तेवढा चढ हे यंत्र सहज घेते. रॅम्पच्या मधोमध सरळ जावे, कारण दोन्ही बाजूंच्या तिरक्या पाख्यांवर एक चाक वर आणि एक खाली राहते. ग्रंथालयाच्या वाटेवर कोठेच रॅम्प नसेल, तर नगरपालिकेला कोपऱ्याचे नाव आणि छायाचित्र देऊन लेखी विनंती करावी. रस्त्याचे नूतनीकरण होते तेव्हा त्या ठिकाणी रॅम्प करणे पालिकेवर बंधनकारक असते, आणि कोणत्या रस्त्याचे काम पुढे होणार आहे हेही त्याच पत्रात विचारावे.