'दिवेकर' कुठले? दिवा, दिवे आणि दिवेआगर

प्रश्न असा आला आहे: "आमचं आडनाव दिवेकर. घरात सांगतात की हे 'दिवाकर'चं बिघडलेलं रूप. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) सॅम्युएल दिवेकर यांनी बांधलं असं वाचनात आलं. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, आम्ही कोकणस्थ. मग आडनाव एकच कसं? त्यांचं-आमचं काही नातं लागतं का? आणि आमचं मूळ गाव कोणतं धरायचं?"

दिवाकर आणि दिवेकर यांची आधी फारकत करू. दिवाकर हा संस्कृतातून तयार आलेला शब्द. 'दिवा' म्हणजे दिवस, तो करणारा सूर्य म्हणजे दिवाकर. दिनकर, निशाकर, प्रभाकर ही त्याच साच्यातली नावं. त्यांतला 'कर' म्हणजे करणारा. दिवाकरचं दिवेकर व्हायचं तर मधल्या 'आ'चा 'ए' व्हायला हवा, आणि तसं मराठीत होत नाही. प्रभाकरचं कधी कुणी 'प्रभेकर' केलेलं नाही. दिवेकरमधला 'कर' गावाच्या नावाला लागलेला आहे, पेडणेकर, मयेकर, नार्वेकर यांच्यात लागतो तोच.

हा गावाचा 'कर' आला कुठून, यावर दोन मतं आहेत. एक मत त्याला संस्कृत 'कार'शी जोडतं (कुंभकार, सुवर्णकार यांतला). कोकणीत 'गोंयकार' असा दीर्घ 'कार' ऐकू येतो, तो या मताच्या बाजूने दाखवला जातो. दुसरं मत प्राकृतातल्या 'केर' या प्रत्ययाकडे बोट दाखवतं. 'केर' म्हणजे 'अमक्याचा'. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात त्यासाठी सूत्रच आहे, 'इदमर्थस्य केरः', आणि 'तुम्हकेरो' म्हणजे 'तुमचा' असं उदाहरण. मला अर्थाच्या दृष्टीने दुसरं मत पटतं. कुंभार कुंभ करतो, सोनार सोन्याचं काम करतो, पण पेणकर काही पेण करत नाही. तो पेणचा असतो. सारा या अर्थाचा 'कर' आणि हात या अर्थाचा 'कर' मात्र इथे मुळीच आणू नयेत. "आमचे पूर्वज कर गोळा करायचे" अशी व्युत्पत्ती बऱ्याच घरांत सांगितली जाते, तिला काही आधार नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. 'कर'वालं आडनाव बहुतेक वेळा सोडलेल्या गावाचं असतं, आणि ते नव्या गावाने ठेवलेलं असतं. पेणमधल्या आळीत सगळेच पेणचे. तिथे एकाला 'पेणकर' म्हणून काय उपयोग? तो माणूस रोह्याला किंवा मुंबईला गेला की तिथले लोक त्याला पेणकर म्हणतात, मग त्याच्या मुलालाही म्हणतात, आणि पुढे शाळेत, पलटणीत, कचेरीत नाव लिहिताना तेच कायम होतं. म्हणून एखाद्या गावावरून पडलेलं आडनाव त्या गावात कमी आणि चार गावं पलीकडे जास्त सापडतं. आज आपण पुणेकर, डोंबिवलीकर हे शब्द राहणाऱ्यांसाठीही वापरतो, पण तेसुद्धा दुसऱ्या गावच्या माणसाशी तुलना करतानाच तोंडात येतात.

मल्हारराव होळकरांनी (जन्म १६९३) माळव्यात राज्य उभं केलं, पण आडनावात नीरा नदीकाठचं होळ हे गाव राहिलं. त्याचबरोबर गाव सोडणाऱ्या प्रत्येकाला 'कर' चिकटला असंही समजू नका. बाळाजी विश्वनाथांचं घराणं श्रीवर्धनचं. सिद्दीच्या जाचामुळे ते देशावर गेले, पण त्यांना कुणी श्रीवर्धनकर म्हटलं नाही. भट हे घराण्याचं नाव आधीच पक्कं होतं, मग पेशवे हे पदाचं नाव मिळालं. ज्याच्याकडे दुसरं ठळक नाव नव्हतं त्यालाच प्रामुख्याने गावाने नाव दिलं.

यातूनच तुमच्या नात्याच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. एकाच गावातून ब्राह्मण गेला, माळी गेला, तेली गेला, मुसलमान गेला, तर बाहेर सगळेच त्या गावचे 'कर'. आडनाव गाव सांगतं. जात, धर्म, गोत्र किंवा रक्ताचं नातं सांगत नाही. बेने इस्रायल समाजात हे फार स्वच्छ दिसतं. किहीमवरून किहीमकर, झिराडवरून झिराडकर, नवगाववरून नवगावकर, रोह्याजवळच्या अष्टमीवरून अष्टमकर, पेणवरून पेणकर. ही नावं नकाशावर मांडली की अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, श्रीवर्धन हा पट्टा उमटतो. त्यांच्या परंपरेत पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं असं सांगतात. या गावांमध्ये ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून 'शनिवार तेली'. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत आणि मुंबईतल्या कामांवर माणसं जाऊ लागली, तशी गावाची नावं सोबत गेली.

सॅम्युएल दिवेकर हे कंपनीच्या फौजेतले अंमलदार. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवी भागात 'शार हरहमीम' हे सिनेगॉग उभं केलं. तिथला रस्ता आजही सॅम्युएल स्ट्रीट आहे. बेने इस्रायल लोक मराठीत सिनेगॉगला 'मशीद' म्हणत, आणि हे सिनेगॉग त्यांच्या बोलण्यात 'जुनी मशीद'. सॅम्युएल यांचं मराठी वळणाचं नाव समाजी हसाजी दिवेकर. समाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझिकेल. जुन्या कागदात 'समाजी हसाजी दिवेकर' एवढंच वाचलं तर हा माणूस यहुदी आहे हे कळणारही नाही. आडनावावरून समाज ठरवण्याची घाई करू नये ती यासाठीच.

तुमचे आणि त्यांचे पूर्वज एकाच गावचे असू शकतील. नात्याचे असण्याचं कारण नाही. पण एकाच गावचे तरी होते का, यासाठी 'दिवे' कोणतं ते ठरवावं लागेल.

गावाचं नाव 'कर' लागताना बदलतं. शेवटी 'ए' असेल तर तो सहसा टिकतो: मये–मयेकर, मांद्रे–मांद्रेकर. शेवटचा 'आ' पुष्कळदा गळतो: सातारा–सातारकर, शिरोडा–शिरोडकर. पण ज्या 'आ'काराचं जुनं रूप 'ए'कारान्त होतं, तिथे आडनाव जुनं रूप धरून बसतं. गाव आज वेंगुर्ला, पण आडनाव वेंगुर्लेकर. चौलचं जुनं नाव चेऊल, ते बेने इस्रायलांच्या 'चेऊलकर'मध्ये जिवंत आहे. मला आडनावांचं सगळ्यात मोल वाटतं ते इथे: गावाची पाटी बदलते, आडनाव बदलत नाही. 'ई' जुन्या आडनावांत बरेचदा गळतो (केरी–केरकर, मंगेशी–मंगेशकर, तेंडोली–तेंडुलकर), नव्या बनावटीत राहतो (डोंबिवलीकर, दिल्लीकर). हर्डी–हर्डीकर याला अपवाद, कारण 'ई' काढला तर र, ड, क अशी तीन व्यंजनं एकापुढे एक येतात आणि जीभ अडखळते.

या हिशोबाने 'दिवेकर' कुठून निघू शकतं? श्रीवर्धन तालुक्यातलं दिवेआगर, ज्यातला 'आगर' म्हणजे नारळी-पोफळीची वाडी आणि खरं नाव 'दिवे'. पुरंदर तालुक्यातलं दिवे, ज्याच्यावरून दिवे घाट. भिवंडीकडचं दिवे-अंजूर. आणि ठाण्याचं दिवा, पण त्याचं जुनं रूप वेंगुर्ल्यासारखं 'ए'कारान्त असेल तरच आडनाव दिवेकर होईल. दीव बेट आणि गोव्यातलं दिवाडी मात्र वगळा. त्यांची आडनावं दिवकर आणि दिवाडकर अशी होतील. बेने इस्रायलांची बाकी बहुतेक गावं रायगडच्या किनारपट्टीत असल्याने त्यांच्या बाबतीत दिवेआगर सर्वांत जवळचं. कोकणस्थांच्या बाबतीतही पहिला तपास तिथेच करावा, कारण गाव जुनं आणि नांदतं आहे. शके ९८२चा, म्हणजे १०६०चा मराठी ताम्रपट तिथलाच. पण घराणं तीन-चार पिढ्या सासवड-पुण्याकडे असेल तर पुरंदरचं दिवे आधी पाहा.

प्रत्यक्ष शोध उलट दिशेने करायचा, आपल्यापासून मागे. पणजोबांच्या मूळ गावाबद्दल ऐकलेलं प्रमाण न धरता आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातलं जन्मगाव पाहा. मग तिथल्या तहसील कार्यालयात जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना नंबर १४. बोलीत याला कोतवाल बुक म्हणतात, आणि जुन्या नोंदी मोडीत असतात. जमीन असेल तर जुने फेरफार. त्यात 'मूळ राहणार मौजे अमुक' असा उल्लेख सापडला तर अर्धं काम झालं. 'मौजे'च्या पुढे येणारं 'तर्फ' किंवा 'महाल' (गावांचे जुने महसुली गट) सोडू नका, चार दिव्यांतलं कोणतं ते त्यावरूनच कळतं. दिवेआगरच्या बाबतीत बरेच लोक इथे फसतात: ते जुन्या कुलाबा जिल्ह्याचे कागद धुंडाळतात (१९८१पासून रायगड), आणि हाती काही लागत नाही. १९४८पर्यंत श्रीवर्धनचा भाग जंजिरा संस्थानात होता. संस्थान विलीन होण्याआधीचे कागद जंजिऱ्याच्या दप्तराचे, म्हणून मागणी तशीच करावी.

मोडीत आणखी एक अडचण. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे 'दीवेकर' दिसलं तर वेगळं घराणं समजू नका. पण 'दिवकर' आणि 'दिवेकर' यांत फरक फक्त एका मात्रेचा, आणि ती पुसट शाईत हरवते. एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तुमच्यासाठी उपयोगी पडतील. पूर्वजांनी यात्रेला आल्यावर स्वतःच्या अक्षरात नाव, वडिलांचं नाव, भाऊ-मुलगे आणि गाव लिहिलेलं असतं. या वह्या गाव आणि आडनाव यांवरून काढतात, म्हणून नुसतं 'दिवेकर' सांगून चालत नाही. चारही गावांची नावं आणि निदान तीन पिढ्यांची नावं जवळ ठेवून जावं. कुलदैवतावरून मूळ गाव ठरवण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो जपून घ्या. गुहागरचा व्याडेश्वर कितीतरी कोकणस्थ घराण्यांचा आहे, त्यावरून ही घराणी गुहागरची ठरत नाहीत. तसंच दिवेआगरचा गणपती हा गावचा देव आहे. तो घरात पूजेला नाही म्हणून दिवेआगर बाद होत नाही.

कधीकधी गावच हललेलं असतं. दीनानाथांनी (जन्म १९००) मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतलं. पण मंगेश हे दैवत १५६०मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला, नेलेलं. म्हणून प्रियोळमध्ये त्याआधीची मंगेशी शोधणं व्यर्थ. आणि 'कर' दिसला की गाव शोधायचंच असंही नाही. मानकर मानाच्या हक्कावरून आलं, आणि गावकर गोव्यातल्या गावकारीवरून, म्हणजे गावच्या मूळ वतनदारीवरून.

बेने इस्रायल दिवेकरांचा माग काढणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. शहरात आल्यावर अनेकांनी 'कर' सोडून वडिलांचं नाव आडनाव म्हणून लावलं: सॅमसन, मोझेस, एझिकेल. अशा वेळी गावाचं नाव विवाहाच्या करारपत्रात किंवा थडग्यावरच्या मराठी मजकुरात उरलेलं असतं, आधी ते बघावं. १९४८नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. हिब्रू लिपीत बहुतांशी व्यंजनंच लिहितात, आणि ल-ळ, न-ण हे भेद तिथे नाहीतच. रोमन लिपीतही एक 'एच' गळला की थळवरून आलेले थळकर आणि तळ्यावरून आलेले तळकर एकच होतात, आणि ही दोन्ही गावं रायगडातलीच. दिवेकर हे नावसुद्धा रोमनमध्ये 'व्ही'ने, 'डब्ल्यू'ने, पहिली वेलांटी दोन 'ई'ने, अशा तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. प्रत्येक तऱ्हेने वेगळा शोध घ्या आणि ज्या ज्या घराण्याचा पत्ता लागेल त्यांना मराठीतलं नाव देवनागरीत लिहून पाठवायला सांगा. मात्रा कुठे आहे ते तिथेच कळेल.