आईच्या तोंडातली जखम दुखत नाही, म्हणूनच लवकर दाखवा

धायरीच्या ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई चोपन्न वर्षांची, गालाच्या आत महिन्यापासून जखम, शेजारी पांढरा चट्टा. मेडिकलवाल्याने जेल आणि बी-कॉम्प्लेक्स दिलंय, पण फरक नाही. दुखत नाही म्हणून आई डॉक्टरकडे यायला तयार नाही. आणि तुम्ही विचारताय, सगळ्या कॅन्सरचं एकदम कळेल असं रक्ततपासणीचं पॅकेज करून घेऊ का.

पॅकेज नको. ते पैसे ठेवा आणि याच आठवड्यात आईचं तोंड दाखवा. पुण्यात कान-नाक-घशाच्या वॉर्डात मी २६ वर्षं नर्स होते, त्या अनुभवावरून लिहिते आहे. ही जखम कॅन्सरची आहे असं मी म्हणत नाही. टोकदार दात किंवा कवळी घासूनही जखम राहते. पण ते बघूनच ठरवायचं असतं, घरी बसून नाही.

साधं तोंड आलं की झोंबतं, तिखट खाववत नाही, आणि आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत भरून येतं. जी जखम तीन आठवड्यांनीही तिथेच आहे, ती दाखवायचीच. कॅन्सरची सुरुवात बहुतेक वेळा दुखत नाही. दुखायला लागतं ते खोल गेल्यावर. वॉर्डात आलेल्या किती तरी जणांनी मला हेच सांगितलं, ‘सिस्टर, दुखत नव्हतं म्हणून अंगावर काढलं.’

आई मशेरी लावते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझी थोरली जाऊ वेल्ह्याकडची. रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची आणि खालच्या ओठात बराच वेळ धरून ठेवायची. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता का? ती म्हणाली, नाही. तिच्या मनात ते खोटं नव्हतंच, ती दात घासत होती. जवळच्या दवाखान्यातून तिला तीन महिने गुळण्यांचं औषध मिळत राहिलं, आणि त्या तीन महिन्यांत कुणी तिला ‘आ करा’ म्हटलं नाही. मीही तेव्हा दुसऱ्या गावी होते, दिवाळीला भेटल्यावर बघितलं. तिच्या जबड्याचा तुकडा काढावा लागला. ती आज आहे, मऊ भात खाते, नातवंडांत रमते. पण तेच पहिल्या महिन्यात सापडलं असतं, तर कदाचित छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं. म्हणून आईला तंबाखूचं विचारू नका. मशेरी लावतेस का, दिवसातून किती वेळा, आणि सुपारी चघळतेस का, असं विचारा. गुटख्यावर आपल्याकडे २०१२ पासून बंदी आहे, पण नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, त्यात तंबाखू असायलाच हवी असं नाही.

घरी तोंड असं बघा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, चूळ भरून, कवळी असेल तर काढून. गाल बोटाने बाहेर ओढा. हिरडी आणि गाल यांच्यामधली खाच, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा बघा. जखमेवरून स्वच्छ बोट फिरवा. कडा टणक लागतात का? चट्टा पांढरा आहे की लाल? लाल चट्टा जास्त काळजीचा. आईची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तिच्या तोंडात मावतात का, तेही बघा. मावत नसतील आणि तिखट झोंबत असेल, तर सुपारीने तोंड आखडायला लागलेलं असू शकतं. मानेत, जबड्याखाली न दुखणारी गाठ लागली तर तेही सांगा. मात्र घरी काही दिसलं नाही म्हणून जाणं टाळू नका.

डॉक्टर तपासणीसाठी जखमेचा छोटा तुकडा काढतात, त्याला बायॉप्सी म्हणतात. असा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं शेजारपाजारचं कुणीतरी नक्की सांगेल. तसं होत नाही. तुकड्याच्या तपासणीशिवाय निदानच होत नाही, आणि ‘सुई लावू नका’ या भीतीपायी गेलेले महिने परत येत नाहीत. तुमच्या त्या पॅकेजमध्ये असतात तशा रक्ताच्या मार्कर तपासण्या, म्हणजे रक्तातल्या काही पदार्थांवरून कॅन्सरचा अंदाज घेणाऱ्या तपासण्या, तोंडाच्या कॅन्सरसाठी उपयोगी नाहीत. त्यातला सीईए सिगारेट ओढणाऱ्याचाही वाढलेला येतो, सीए-१२५ पाळीच्या दिवसांतही वाढू शकतो. मार्कर नॉर्मल आले म्हणून माणसं निर्धास्त होतात, हे मला त्यातलं सगळ्यात वाईट वाटतं.

घरातल्या इतरांसाठीही दोन गोष्टी सांगते. पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर एकदा जरी अंगावरून लाल गेलं, किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सोडायचं नाही. बायका हे मुलीलाही सांगत नाहीत, म्हणून तुम्हीच विचारा. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर व्हायच्या आधीच्या पायरीवर सापडतो, हे फार थोड्या कॅन्सरच्या नशिबी आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात लाखाहून अधिक बायकांवर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. ज्या गटात एकदाच एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची तपासणी केली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. यावरची लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट या लस कंपनीत तयार होते, मुलींसाठी डॉक्टरांना जरूर विचारा. स्तनातली न दुखणारी गाठ, आत ओढलेली कातडी, बोंडातून रक्ताळ पाणी, हेही दाखवायचं. बहुतेक गाठी साध्याच निघतात.

वडीलधाऱ्या पुरुषांत शौचातून रक्त गेलं की मूळव्याध ठरवून मोकळे होतात. पन्नाशीनंतर ते तपासल्याशिवाय ठरवू नये. लघवीतून न दुखता रक्त, तीन आठवडे घोगरा आवाज, आधी भाकरी आणि मग भातही घशाखाली अडकणं, न कळत उतरणारं वजन, यांचंही तेच.

तुम्ही धायरीला आहात, तर धनकवडीचं भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज जवळ पडेल. नाहीतर ससूनला कान-नाक-घसा किंवा दंतविभागात. केसपेपर काढायला सकाळी लवकर जा. त्या दिवशी सकाळी जखमेवर जेल लावू नका. आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आधीच्या गोळ्यांची पाकिटं आणि मधुमेहाचे कागद असतील तर बरोबर घ्या. मशेरीवरून निदान त्या दिवशी तरी आईला बोलू नका, बोलणी बसली की बाया डॉक्टरांपासूनही लपवतात. तुकडा घेतला तर रिपोर्ट कधी मिळेल ते विचारून या आणि मिळाला की इथे लिहा. त्यातले शब्द कळले नाहीत तर मी समजावून सांगेन.