धावा, पण पावती संस्थेची फाडा

प्रश्न : मी मुलुंडला राहते, वय 44, विमा कंपनीत नोकरी. शाळेत असताना बालनाट्यांत कामं केली. ज्या छोट्या संस्थेने ती करून घेतली, ती आजही परळ-लालबागच्या महापालिका शाळांतल्या मुलांसाठी शनिवार-रविवार नाट्यशिबिरं घेते. तालमीची हक्काची जागा गेली, आता भाडं भरावं लागतं आणि गंगाजळी आटलीय. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावून त्यांच्यासाठी तीन लाख जमवावेत असं मनात आहे. सध्या दहा किलोमीटर सहज धावते, पण पूर्ण मॅरेथॉन धावले तर लोक जास्त देतील ना? नवरा म्हणतो, ‘धावायचे पैसे कसले मागतेस, लोक हसतील.’ भाऊ म्हणतो, सगळ्यांनी तुझ्या जीपेवर पाठवावेत, तू एकरकमी संस्थेला दे. न्यू जर्सीची आत्येबहीणसुद्धा तयार आहे. काय करू?

उत्तर : आधी भावाचं बघू. त्याने काढलेली वाट सगळ्यात सोपी आहे आणि सगळ्यात वाईट. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात पन्नास हजारांच्या वर रक्कम तुमच्या खात्यात आली, की ती सगळीच तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते; नुसती वरची नाही, पहिल्या रुपयापासून. मग ‘हे माझे नव्हतेच हो’ असे खुलासे करत बसा. शिवाय देणाऱ्याला करसवलतीची पावती मिळणार नाही, कारण ती फक्त संस्था देऊ शकते. आणि तिसरं, जे तोंडावर कोणी बोलत नाही : ऑफिसातला कोणीतरी चहाच्या टेबलावर ‘पोचले का हो पैसे संस्थेला?’ असं सहज विचारेल. तो प्रश्न मुळात उठूच नये. पैसे थेट संस्थेच्या बँक खात्यात, संस्थेच्या क्यूआर कोडवर. तुम्ही फक्त मागायचं. हातात काही घ्यायचं नाही, मावशीने दिलेली पाचशेची नोटही नाही.

त्याआधी संस्थेकडून दोन कागद मागून बघा : धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि आयकराचं, देणाऱ्याला करसवलत मिळवून देणारं, ज्याला आपण सगळे 80-जी म्हणतो ते प्रमाणपत्र. दुसऱ्याची मुदत संपलेली नाही ना, हे तारीख वाचून बघा. छोट्या संस्थांत मंडळी नाटकात इतकी बुडालेली असतात की नूतनीकरण राहून जातं. तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे म्हणून कागद बघायचे नाहीत, असं करू नका. हिशेब तपासण्यात माझं आयुष्य गेलं, माझ्यावरचा हा संस्कार आता जायचा नाही.

मुंबई मॅरेथॉनचं देणग्यांचं काम ‘युनायटेड वे मुंबई’ ही स्वयंसेवी संस्था बघते. तुमची संस्था त्यांच्याकडे नोंदलेली असेल तर त्यांच्या पानावरून तिच्या नावाने तुम्हाला निधी जमवता येईल. नसेल तरी अडत नाही. साधी प्रवेश फी भरा, धावा आणि लोकांना थेट संस्थेच्या खात्यात द्यायला सांगा. फी, बूट, पहाटेची टॅक्सी हा सगळा खर्च तुमच्या पदरचा. आणि तो तुमच्या पदरचा आहे, हे आवाहनात स्पष्ट लिहा. ‘हिच्या बुटांसाठी मी का देऊ’ ही शंका लोक बोलून दाखवत नाहीत, नुसते गप्प बसतात.

आत्येबहिणीला एकच विचारा : पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर तिने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकन नागरिक झाली असेल तर मात्र संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसताना तिचा एक डॉलरही घेता येणार नाही. आणि ‘मी दादाच्या खात्यात टाकते, तो पुढे देईल’ ही पळवाट ती सुचवेलच. नको म्हणून सांगा.

आता यजमानांचं. लोक हसतील म्हणतात? 1921 साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या नटांनी याच मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र उभं राहून ‘मानापमान’ केलं. शाळा, दवाखाने, पूरग्रस्त, सगळ्यांसाठी मराठी नाटकवाल्यांनी मदतीचे प्रयोग लावले आहेत. आज कोणी नाटकासाठी घाम गाळत असेल, तर हसणाऱ्याला हसू दे.

पण लोकांना तुमच्या घामाशी फारसं देणंघेणं नसतं, हेही खरं. म्हणून पूर्ण मॅरेथॉनचा हट्ट सोडा. 42.195 किलोमीटर धावलात म्हणून काका दुप्पट देणार नाहीत. त्यांच्या लेखी दोन्ही अंतरं सारखीच वेडेपणाची. दहावरून अर्ध्या मॅरेथॉनला, म्हणजे 21 किलोमीटरला, पाच-सहा महिन्यांत नीट पोचता येतं. माहीमहून अंधारात निघायचं, मग सी लिंक. एरवी तिथे पायी पाऊल टाकायला बंदी, त्या पहाटे मात्र पूल तुमचा. बघ्यांची गर्दी नसते, बाजूने खारा वारा आणि हजारो बुटांचा एकसुरी आवाज. पूर्णवाल्यांना मी परतीच्या पेडर रोडवर बघितलंय : ऊन डोक्यावर चढू लागलेलं, पस्तिशीच्या पुढचे किलोमीटर, त्यात तो चढ. इमारतींतले लोक संत्र्याच्या फोडी आणि मीठ घेऊन उभे असतात आणि ‘थोडंच राहिलं’ असं खोटं खोटं ओरडतात. तो चढ नाटकासाठी चढायचाच असेल तर खुशाल चढा, पण पुढच्या वर्षी. पहिल्याच खेपेला गुडघा धरून बसलात तर आवाहनाचं काय?

खरी मेहनत मागण्यात आहे. आमच्या हौशी मंडळाचा प्रयोग लागला की प्रत्येकाच्या हातात तिकिटांचं पुस्तक ठेवलं जायचं. फळ्यावर सूचना वाचून कोणी तिकीट घेत नसे. गिरगावात चाळीचे जिने चढून, दारात उभं राहून, ‘जोशीकाकू, तुमची दोन फाडू ना?’ असं विचारलं की फाडली जायची. व्हॉट्सअॅपचा ग्रुप म्हणजे तो फळा. तिथे टाकलं की बत्तीस अंगठे येतात, पैसे येत नाहीत. एकेकाला, नावाने, वेगळं लिहा. आणि ‘रंगभूमीच्या संवर्धनासाठी’ असलं भाषण नको. संस्थेकडून खर्चाचा कागद मागवा : तालमीच्या हॉलचं एका रविवारचं भाडं, मुलांचा वडापाव, कपडेपटाची धुलाई, शिबिराच्या शेवटी प्रयोग असेल तर टेम्पो आणि प्रकाशयोजनेचं सामान. मग तोच आकडा मागा. असं काहीसं :

‘काका, जानेवारीत मी माहीम ते सीएसएमटी धावतेय. लहानपणी तुम्ही मला ज्या तालमीला सोडायचात, तिथे आता परळची मुलं येतात. त्यांच्या एका रविवारच्या हॉलचं भाडं तुम्ही द्याल का? आकडा आणि संस्थेचा क्यूआर खाली आहे. जमलं तर बघा, नाही तर धावायच्या दिवशी पाठीवर हात ठेवा.’

शेवटचं वाक्य मनापासून लिहा, कारण नाही म्हणणारे असणारच आणि त्यांच्याच घरी तुम्हाला हळदीकुंकवाला जायचंय. गणपतीत मागू नका, तिथे आधीच वर्गणी चालू असते. दिवाळीच्या आठवड्यातही नको. दिवाळीनंतर सुरुवात करा, डिसेंबरात एकदा सरावाची खबर द्या, शर्यतीच्या आदल्या आठवड्यात शेवटचं. धावून झाल्यावर गळ्यातल्या पदकाच्या फोटोसोबत जमलेला आकडा टाकलात, तर ‘अरे, राहिलंच’ म्हणणारे तेव्हाही देतात.

करसवलतीचा डांगोरा मात्र पिटू नका. 80-जीमध्ये साधारणपणे देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नाही. दहा हजार दिले तर पाच हजार वजा; 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे हजारभर वाचतात. तेही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ही वजावट नाहीच आणि तुमचे बरेच सहकारी नव्यातच असतील. तुमच्या कंपनीत कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर घालायची योजना आहे का, हे एचआरला विचारणं जास्त फायद्याचं.

प्रश्न : गोरेगावातल्या आमच्या नाट्यसंस्थेचा मी खजिनदार. एक सभासद आमच्यासाठी अर्धी मॅरेथॉन धावणार आहे. आम्ही काय तयारी ठेवावी?

उत्तर : पावतीपुस्तक, आणि ते लिहिणारा एक शहाणा माणूस. प्रत्येक देणगीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, पॅन त्याच दिवशी टिपा. मार्चनंतर शोधाशोध केलीत तर निम्मे लोक फोन उचलणार नाहीत. देणग्यांचं विवरण 31 मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावं लागतं आणि त्यावरूनच देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. रोख दोन हजारांच्या वर असेल तर देणाऱ्याला वजावट नाही, तेव्हा आधीच सांगून टाका. पुढेमागे एखाद्या कंपनीच्या सीएसआरकडे, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेल्या निधीकडे, जायचा विचार असेल तर सीएसआर-1 नोंदणी लागेल. 2021 पासून ती सक्तीची आहे. आणि धावणाऱ्या सभासदाला दर रविवारी जमलेला आकडा कळवा. तो बिचारा पहाटे साडेचारला उठतोय, तुम्ही निदान पासबुक भरून घ्या.

प्रश्न : माझे वडील 71 वर्षांचे, जुने नाटकवाले. त्यांना आमच्या मंडळासाठी मॅरेथॉनमध्ये भाग घ्यायचाय, तोही ऐतिहासिक नाटकातल्या सरदाराच्या वेशात. मधुमेह आहे, पण रोज चालतात. परवानगी द्यावी का?

उत्तर : परवानगी तुम्ही कोण देणार? डॉक्टरांना विचारा. ज्येष्ठांची वेगळी दौड असते. पण वेशात मिरवायचं तर त्यांना ड्रीम रनला न्या : सहाएक किलोमीटर, चाललं तरी चालतं, आणि तिथे अर्धी मुंबई कसले ना कसले वेश करून, फलक धरून आलेली असते. सरदारांच्या छातीवर संस्थेचं नाव आणि क्यूआर कोड मोठा छापा, फोटो काढायला लोक थांबले की आपसूक स्कॅन होईल. ड्रीम रन सकाळी उशिरा सुटते, ऊन लागतं, म्हणून जरीचा अंगरखा घरी ठेवा आणि सुती शिवून घ्या. पगडी हलकी. खिशात ग्लुकोज बिस्किटं. पायात मोजडी अजिबात नको, रोजचे चालायचे बूटच. मिशी स्पिरिट गमने चिकटवलीत तर चर्चगेट यायच्या आत घामाने सुटेल. स्वतःची वाढवायला सांगा, वेळ आहे.