'सॉर्न' : आगंतुक म्हणून भागणार नाही

'सॉर्न' या स्कॉट्स (स्कॉटलंडची बोली) भाषेतल्या जुन्या क्रियापदाचा अर्थ 'नको असताना घुसणे' असा वाचला, मग मराठीत 'आगंतुकपणे जाणे' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आला आहे.

माझ्या मते नाही. आगंतुक न बोलावता येतो खरा, पण चहा पिऊन निघूनही जाऊ शकतो. सॉर्न करणारा उठतच नाही. दुसऱ्याच्या घरी ठाण मांडायचं आणि त्याच्याच जिवावर जेवायचं-झोपायचं, हा या शब्दाचा गाभा.

सॅम्युअल जॉन्सनच्या 1755च्या इंग्रजी कोशात याची छान नोंद आहे. ती त्याने मॅकबीन या आपल्या स्कॉटिश मदतनिसाच्या नावावर दिली आहे. टोळीच्या (क्लॅनच्या) नायकाला मौजमजा करायची लहर आली, की तो आपला लवाजमा घेऊन जमीन कसणाऱ्या कुळांकडे उतरायचा आणि फुकट राहायचा-खायचा. स्कॉटलंडच्या सखल भागातले लोक या लवाजम्याला तुच्छतेने जे नाव द्यायचे, त्याचा अर्थ साधारण 'ओल्या पायांची पोरं'. नायकाला पाठुंगळी घेऊन ओढे ओलांडणाऱ्या गड्यावरून ते आलं. पुढे कुणीही कुणाच्या गळ्यात पडून राहू-खाऊ लागला, की तो 'सॉर्न' करतो, असं म्हणू लागले. शब्दाचं मूळ जुन्या आयरिशमधल्या 'सोर्हन'सारख्या शब्दात, म्हणजे फुकटच्या मुक्कामाच्या हक्कात सांगतात.

म्हणजे मुळात हा निव्वळ निर्लज्जपणा नव्हे, त्यामागे दंडुका होता. दारात शस्त्रधारी माणसं उभी असताना 'नाही' कोण म्हणणार?

कायद्यानेही हा प्रकार तसाच धरला. स्कॉटलंडच्या 1449च्या कायद्यात सॉर्नर आणि वेडाचं सोंग घेऊन फिरणारे एकाच माळेत ओवले आहेत. आणि गंमत म्हणजे भाटही! अशांना आधी कैद. जवळ पोट भरायला काही उरलं नाही, तर कान बाजारातल्या सरकारी वजनकाट्याच्या खांबाला किंवा झाडाला ठोकायचा, कापायचा आणि हद्दपार करायचं. पुन्हा सापडला तर फाशी. 1455मध्ये त्यांना चोर-दरोडेखोरांप्रमाणेच वागवावं असं ठरलं. तरी खोड गेली नसावी, कारण 1609मध्ये आयोना बेटावर ठरलेल्या नियमांत स्कॉटलंडच्या पश्चिमेकडल्या हेब्रिडीज बेटांवरच्या नायकांकडून पुन्हा याविरुद्ध हमी घ्यावी लागली. त्याच नियमांत प्रवाशांसाठी खाणावळी-धर्मशाळा काढायचंही कलम आहे, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पैसे देऊन उतरायची सोय झाली, की गरिबाच्या घरात घुसायची सबब उरत नाही.

तेव्हा भाषांतर संदर्भ पाहून करावं. जुन्या कायद्याचा किंवा टोळ्यांचा विषय असेल तर 'दांडगाईने पाहुणचार उकळणे' हे मला सगळ्यांत जवळचं वाटतं. 'उकळणे'मध्ये बळजबरी आपोआप येते. नंतरच्या घरगुती अर्थाला 'ठाण मांडणे' किंवा 'गळ्यात पडणे' पुरे. 'नाक खुपसणे', 'लुडबुडणे' मात्र टाळा. ती कारभारातली ढवळाढवळ झाली. हा डल्ला ताटावर आहे.

आणि हा शब्द शोधताना सोबत 'स्कॉट्स' जरूर लिहा. नाहीतर ब्रिटनमध्ये गाडी रस्त्यावर आणत नसल्याचं सरकारला कळवायची जी अधिकृत सूचना असते, तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं नेमकी हीच आहेत, आणि तुमच्यापुढे नुसत्या मोटारी येतील.