कार्ड त्यांचं, खरेदी माझी

प्रश्न : मी एका घरी दोन मुलं सांभाळते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आईबाबा दोघंही नोकरीला, म्हणून मॅडमनी त्यांचं कार्ड माझ्या फोनमधल्या शॉपिंग अ‍ॅपला जोडून दिलंय, म्हणजे डायपर, वह्या, औषधं असं जे लागेल ते मी मागवते आणि त्यांना कळवते. मध्यंतरी मी स्वतःसाठी चपला मागवल्या आणि पेमेंट करताना बघितलंच नाही, पैसे त्यांच्या कार्डातून गेले. नंतर लक्षात आलं तेव्हा जाम घाबरले, म्हटलं पगार झाला की मुलांचं काहीतरी सामान माझ्या पैशाने आणीन आणि फिट्टंफाट करून टाकीन. पण खरं सांगायचं तर पुढे अजून एकदा झालं, आणि ते चुकून नव्हतं. महिनाअखेर होती, आईचा चष्मा तुटला होता, हातात काहीच नव्हतं, म्हणून मी मुद्दाम ते कार्ड वापरलं. परत करायचेच होते पैसे. दोन्ही मिळून माझ्या पगाराच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढे होतात. मॅडम अजून काही बोलल्या नाहीत. मुलांना माझा खूप लळा आहे, सांगितलं तर काढून टाकतील अशी भीती वाटते. न सांगता भरून टाकू का? की दोन्ही वेळा चुकूनच झालं असं सांगू?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण खरी गोम तिथेच आहे. दोन्ही चुकून झालं असं अजिबात सांगू नका. चपलांचं चुकून झालं, चष्म्याचे पैसे तुम्ही न विचारता उसने घेतले, आणि हा फरक तुम्हाला चांगला माहितीये, म्हणून तर पत्रात तुम्ही दोन्ही वेगवेगळं लिहिलंत. एकाच ‘चुकून’मध्ये दोन्ही गुंडाळलं की मॅडम स्टेटमेंट उघडून तारखा बघणार, मधे किती दिवस गेले ते त्यांना दिसणार, आणि मग जे खरंच चुकून झालं होतं त्यावरही त्या विश्वास ठेवणार नाहीत.

गुपचूप भरून टाकायचं म्हणताय, तेही नको. तुम्ही मुलांसाठी स्वतःच्या पैशाने सामान आणलंत तरी त्यांच्या स्टेटमेंटवर चपला आणि चष्मा तसेच राहणार, आणि तुम्ही आणलेल्या सामानाची नोंद कुठेच नसणार. म्हणजे पैसे परत करूनसुद्धा चोर ठरायची वेळ, हा कसला सौदा झाला? शिवाय बऱ्याच बँकांकडून कार्डावर खर्च झाला की लगेच कार्ड ज्याचं त्याच्या फोनवर मेसेज जातो. मॅडमनी तो बघितला असेल आणि तुम्ही कधी बोलताय याची वाट बघत असतील, किंवा मेसेजच्या ढिगात त्यांच्या नजरेतून सुटलाही असेल. त्याचा अंदाज बांधत बसू नका. त्या गप्प आहेत म्हणजे त्यांना माहीत नाही असं धरून चालणं तर सगळ्यात धोक्याचं.

आता एक गोष्ट, जी पैशापेक्षा मोठी आहे असं मला वाटतं. हिशोबात गडबड दुकानातल्या नोकराकडून होते तेव्हा मालक पैशाचा विचार करतो. मुलं सांभाळणाऱ्या बाईकडून होते तेव्हा आईच्या डोक्यात पैसे दोन मिनिटं राहतात, आणि मग लगेच येतं की हिने हे लपवलं, तर बाळ पलंगावरून पडलं तेव्हाही लपवेल का? ताप आला, औषध द्यायचं राहिलं, गेट उघडं राहिलं, हे मला कळेल का? तुमचं सगळं काम त्या घरात नसलेल्या आईबाबांना खरं सांगण्यावर उभं आहे. म्हणूनच तुम्ही स्वतःहून जाऊन सांगितलंत तर ते नुसतं पैशापुरतं राहत नाही, अडचणीतली गोष्टसुद्धा ही बाई सांगते हे त्यांना दिसतं. आणि त्यांनी आधी पकडलं तर याच्या बरोबर उलटं दिसतं.

सांगायचं कसं, तर सकाळी त्या दारात चपला घालत असताना नाही आणि मुलांसमोर तर नाहीच. “मॅडम, मला आज पंधरा मिनिटं बोलायचंय, मुलं झोपल्यावर चालेल का?” एवढं आधी विचारा, म्हणजे तुम्हालाही मागे फिरता येणार नाही. मग कारणाआधी आकडा सांगा. आपण उलटं करतो, आधी आईचा चष्मा, घरची परिस्थिती, मग रडू, आणि समोरच्या माणसाला शेवटपर्यंत कळत नाही की नक्की झालंय काय, तोवर त्याने भलतंच काहीतरी मनात धरलेलं असतं. साधं बोला : “तुमच्या कार्डातून माझ्या दोन वस्तू घेतल्या गेल्यात. चपला चुकून झाल्या, पण कळल्यावरही मी तुम्हाला सांगितलं नाही. दुसरा आईचा चष्मा, तो मी जाणूनबुजून घेतला, तुम्हाला विचारायला हवं होतं. एकूण एवढे झाले. आत्ता एवढे आणलेत, बाकीचे पुढच्या दोन पगारांत देते, चालेल का?” त्यांनी कारण विचारलं की सांगा, त्याआधी नको. आणि ‘मी मुलांसाठी एवढं केलं’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी त्या दिवशी गिळून टाका.

अ‍ॅपमधली एकही ऑर्डर डिलीट करायची नाही हं! उलट फोन त्यांच्या हातात द्या. ऑर्डरच्या यादीत तारीख असते, पेमेंट कशातून झालं तेही बहुतेक ठिकाणी दिसतं, त्यामुळे ‘अजून काय काय घेतलंस’ असा संशय आला तर तीच यादी तुमच्या बाजूने बोलेल. कार्ड अ‍ॅपमधून काढायचं की ठेवायचं ते त्यांनाच ठरवू द्या. बोलणं झाल्यावर रात्री दोन ओळींचा मेसेज टाका, तारखा, रक्कम, किती दिले, किती राहिले, म्हणजे पुढे दोघींच्या आठवणीत आकडे बदलणार नाहीत.

नोकरी राहील असं मी छातीठोक सांगणार नाही. जाऊ शकते. तसं झालं तर कामाच्या दिवसांचा पगार मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि जेवढे घेतले त्याहून जास्त रकमेच्या कागदावर घाबरून सही करू नका.

प्रश्न : मीही मुलं सांभाळते. रोख पैसे असतात माझ्याकडे, आठवड्याचा हिशोब कधीकधी थोडा कमी भरतो, अगदी सुटे. प्रत्येक वेळी सांगायचं का? की आपलेच टाकून जुळवावं?

उत्तर : आपले टाकू नका. वहीत त्याच संध्याकाळी लिहा, “आज एवढे कमी, कुठे गेले आठवत नाही.” झालं. ज्या वहीचा हिशोब दर आठवड्याला तंतोतंत जुळतो तिच्यावर मला तरी जास्त संशय येईल.

प्रश्न : आमच्या मुलाला सांभाळणाऱ्या ताईंनी काल स्वतःहून सांगितलं की दिलेल्या पैशातले काही त्यांनी घरी वापरले. मिस्टर म्हणतात या महिन्याचा अख्खा पगार कापून घेऊ, विषय संपला. मला ते पटत नाही, पण सोडून द्यावं असंही वाटत नाही.

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. पगार ही अशी मनाला येईल तशी कापायची गोष्ट नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वेतनाच्या संरक्षणासाठी १९४९ सालीच एक करार केला (क्रमांक ९५), त्यात कपात फक्त देशाच्या कायद्याने किंवा सामूहिक करारासारख्या मार्गाने ठरलेल्या मर्यादेतच करता येते असं म्हटलंय, आणि २०११ मध्ये खास घरकामगारांसाठी झालेल्या करारात (क्रमांक १८९) पगार निदान महिन्यातून एकदा थेट कामगारालाच मिळाला पाहिजे असं आहे. प्रत्येक देशाने हे करार स्वीकारलेत असं नाही, त्यामुळे तुमच्याकडचा नियम बघावा लागेल, पण मिस्टरांना दाखवायला एवढं पुरे.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जिचा एक महिन्याचा पगार पूर्ण गेला ती पुढच्या महिन्यात पुन्हा कुणाकडून तरी उसनं घेणार, आणि तिच्या हाताशी सगळ्यात जवळचे पैसे तुमचेच असणार. पूर्ण पगार द्या, त्यातून तिने ठरलेला हप्ता परत करायचा, दोघींनी वहीत सही करायची. सोडून देऊ नका, तेही बरं नाही, कारण मग तिच्या मनात ते ओझं राहतं आणि तुमच्या मनात उपकार. पण तिने स्वतःहून सांगितलं हे तोंडाने बोलून दाखवा, “सांगितलंत ते बरं केलंत” एवढंच, आणि मिस्टरांनाही हा विषय पुढे भांडणात काढायचा नाही असं बजावा. खर्चासाठी तिला वेगळं, मर्यादा असलेलं कार्ड देता आलं तर द्या, तुमच्या मुख्य खात्याचं नको. अडीनडीला उचल मागायची असेल तर ती कुणाकडे आणि किती मागायची, हेही आजच ठरवून टाका.