गालाच्या आत दिसलेले पांढरे दाणे

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला ताप, खोकला होता, डोळे लाल झाले होते. तिसऱ्या दिवशी दात घासताना त्याच्या गालाला आतून बारीक पांढरे दाणे दिसले. तोंड आलंय समजून मी ग्लिसरीन लावलं. दुसऱ्याच दिवशी कानामागून पुरळ उठलं, गोवर होता. आता तो बरा आहे, पण मनाला लागून राहिलंय. ते दाणे गोवराचेच होते का?

उत्तर : बहुधा हो. पण स्वतःला दोष देऊ नका. सुरुवातीच्या वर्षांत ते माझ्याही नजरेतून निसटले आहेत. पट्टीने जीभ दाबायची, टॉन्सिल पाहायचे की झालं. गाल बाजूला करून बघायची सवय मला उशिरा लागली.

हे कॉपलिकचे ठिपके. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉपलिक यांनी १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. दाढांसमोर, गालाच्या आतल्या लालबुंद ओल्या अस्तरावर मिठाचे कण सांडावेत तसे ते दिसतात, निळसर पांढरे. पिवळ्या उजेडात ती निळसर झाक हरवते, म्हणून मी मुलाला खिडकीशी उभं करते. मग पट्टीने हलकेच पुसून बघते. दुधाचा थर निघून येतो, हे ठिपके जागचे हलत नाहीत. तोंड आलं की झोंबतं, मूल घास नाकारतं. हे ठिपके सहसा दुखत नाहीत, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

पुरळाच्या एक-दोन दिवस आधी ते येतात आणि लवकरच विरतात. गोवर मात्र पुरळाच्या चार दिवस आधीपासून पसरत असतो. ठिपके ओळखले, तर मुलाला तेव्हाच वेगळं ठेवता येतं. लस न झालेलं कुणी त्याच्या संपर्कात आलं असेल, तर ७२ तासांच्या आत दिलेली लस त्याला वाचवू शकते.

तरी नुसत्या ठिपक्यांवर मी शिक्कामोर्तब करत नाही. प्रत्येक मुलात ते सापडतातच असं नाही. रक्ताची आयजीएम तपासणी, म्हणजे गोवराविरुद्ध नुकत्याच तयार झालेल्या प्रतिपिंडांची चाचणी, लागते. पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत तीही निगेटिव्ह येऊन फसवू शकते, म्हणून सोबत घशाचा स्वॅब.

मुलाला लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचे डोस मिळाले होते का, ते कागदांवर बघा. नसतील तर डॉक्टरांना विचारा. आणि पुढचे काही आठवडे ताप, कानदुखी, धाप यांकडे लक्ष असू द्या. गोवरानंतर प्रतिकारशक्ती काही काळ खालावलेली असते.