हार्डशिप म्हणजे मराठीत नेमकं काय? 'कष्ट' म्हटलं तर चालेल का?

बहुतेक ठिकाणी नाही चालत. डिक्शनरीत कष्ट दिलेलं असतं, पण आपल्या रोजच्या बोलण्यात कष्ट माणूस स्वतः करतो, हार्डशिप त्याच्यावर येऊन पडते. दिवसभर ऊसतोड करणं हे कष्ट, आणि त्याच तोडकऱ्याचं पोरगं खोपीत तापानं फणफणलंय, दवाखाना लांब, खिशात पैसा नाही, हे हाल. म्हणूनच आपण 'कष्ट केले' म्हणतो आणि 'हाल झाले' म्हणतो.

मला हा फरक कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरात कळला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. आजी चिखलीची, चार म्हशींचं शेणघाण, वैरण, धारा सगळं जन्मभर तिनं एकटीनं केलं पण त्याला ती कधी हाल म्हणाली नाही. पाणी उतरल्यावर घरात गेलो तर गुडघाभर चिखल, पोत्यातल्या जोंधळ्याला मोड आलेले, वासानं आत थांबवेना. तिनं मूठभर जोंधळा हातात घेतला, बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "लई हाल झालं रं लेकरा."

नंतर चुलतभावाच्या फी-सवलतीचा अर्ज लिहायचा होता, त्यानं इंग्रजी नमुना बघून हार्डशिपचं भाषांतर 'कुटुंबाने खूप कष्ट घेतले' असं केलेलं. वाचणाऱ्याला वाटणार, बरं मग, चांगलंय की! आम्ही 'पुरामुळे कुटुंबाची आर्थिक ओढाताण होत आहे' असं केलं. तुम्हाला पण बँकेच्या किंवा कॉलेजच्या कागदात फायनान्शियल हार्डशिप दिसलं तर आर्थिक ओढाताण किंवा आर्थिक अडचण लिहा. दुष्काळ, तुरुंगवास, निर्वासितांचं जगणं असेल तर हालअपेष्टा, तिथं अडचण फारच हलका पडतो. नुसतं वर्णन करायचं असेल तर खडतर दिवस, खडतर बालपण.

हाल हा शब्द मुळात अरबी, अर्थ फक्त स्थिती, हिंदीत अजून 'क्या हाल है' विचारतात. मराठीत मात्र हाल म्हटलं की वाईटच.

आणि एक राहिलं, खस्ता. आईनं पोरांसाठी खस्ता खाल्ल्या म्हणतो ना, त्यात तिनं केलेलं पण येतं आणि सोसलेलं पण. मला स्वतःला हा शब्द सगळ्यात जवळचा वाटतो, पण तो अर्जात नाही शोभत, माणसाबद्दल बोलतानाच वापरा.